अर्धं झाडलेलं अंगण

“लिही,” भाऊजी म्हणाले आणि खुर्चीत इतके मागे रेलले की खुर्चीने कण्हून निषेध नोंदवला. “तीक्ष्ण नजर. अचूक तर्क. पोलादी स्मरणशक्ती. गुन्हेगाराच्या उरात धडकी आणि सज्जनाच्या उरात आधार. शोधकार्याचा एकतीस वर्षांचा अनुभव. कुठवर आलं?”

“तीक्ष्ण नजर,” मेहुणा म्हणाला. “पुढचं सांगा.”

“पुढचं काय बरं म्हणालो मी?” पोलादी स्मरणशक्तीने विचारलं.

मेहुणा पेशाने शिंपी. सकाळ-संध्याकाळ दुकान आणि दुपारी भाऊजींच्या कार्यालयात बिनपगारी सहायक. ही नोकरी त्याला बहिणीने लावली होती. “जरा लक्ष ठेव रे यांच्यावर,” ती म्हणाली होती. “घरात बसले की माझ्या डब्यांवर बोटांचे ठसे शोधतात.” बहिणीचा शब्द मोडवेना, म्हणून तो गळ्यात टेप आणि हातात वही घेऊन रोज हजर होत असे. भाऊजी त्याला ‘शालक’ म्हणून हाक मारत. मेहुण्याला तसं म्हणतात हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं वाया घालवायची त्यांना सवय नव्हती.

एकतीस वर्षांच्या अनुभवाबद्दल थोडं स्पष्ट सांगायला हवं. भाऊजी बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर होते. छत्र्या, डबे, एक पायमोजा, एकदा एक पोपट. या एकतीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही वस्तू शोधली नव्हती. वस्तू सापडल्यावरच त्यांच्याकडे यायच्या आणि शोधत यायचे ते मालक. पण निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात ‘यांच्याकडे गेलेली वस्तू कधी हरवली नाही’ असं म्हटलं, आणि ते वाक्य भाऊजींच्या डोक्यात गेलं ते गेलंच.

लॉन्ड्रीशेजारची ही खोली त्यांनी त्यानंतर विकत घेतली. घेताना दारात उभं राहून एक डोळा मिटला, “दहा बाय बारा,” म्हणाले आणि सही केली. बाहेर भली लांब पाटी लावली : ‘सत्यशोधन कार्यालय’. लॉन्ड्रीवाला रोज सकाळी आपलं दार-भिंत पुसता पुसता ही पाटीही पुसायचा, पण नेमकी अर्धी. ‘सत्य’ लखलखीत आणि पुढच्या सगळ्यावर बोटभर धूळ. याचाही उलगडा भाऊजींनी केला होता. “लॉन्ड्रीवाल्याचा उजवा खांदा आखडलेला आहे. हात तिथवरच पोचतो. मी बोललो नाही, माणसाला वाईट वाटतं.”

बुधवारी दुपारी त्या पाटीखालून एक बाई आत आल्या. भाऊजींनी डोळे बारीक केले.

“थांबा. बोलू नका. तुम्ही नर्स आहात.”

“हो,” बाई म्हणाल्या. “गणवेश अंगातच आहे.”

“आणि तुम्ही घाईत आहात.”

“चारला ड्यूटी आहे. फोनवर सांगितलं होतं मी.”

“फोन,” भाऊजी मेहुण्याकडे वळून म्हणाले, “हे लिहून ठेव.”

नर्सबाईंची छत्री एकदा डेपोतून परत मिळाली होती, तेवढ्या पुण्याईवर त्या आल्या होत्या. गोष्ट साधी होती. त्यांचे वडील, नाना, निवृत्त पोस्टमन. राहायला तिसऱ्या मजल्यावर. कमरेचं हाड मोडल्यापासून चौदा महिने ते खाली उतरले नव्हते. उभा जन्म रस्त्यावर काढलेला माणूस आता दिवसभर छताचे पोपडे मोजायचा आणि संध्याकाळी मुलीला आकडा सांगायचा. म्हणून बाईंनी एक बैठं घर पाहिलं होतं. पुढे अंगण, अंगणात बदामाचं झाड आणि डाव्या अंगाला एक खोली, तिची खिडकी रस्त्याकडे. त्या खिडकीतून गल्लीत शिरणारा पोस्टमन पार कोपऱ्यापासून दिसतो. ती खोली नानांची. एवढ्या एका खिडकीसाठी बाईंनी बाकी सगळी घरं नाकारली होती.

“शुक्रवारी खरेदीखत आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मला काहीतरी खुपतंय. मी तीनदा सकाळी घर बघायला गेले. तिन्ही वेळा अंगण अर्धंच झाडलेलं. तेही कसं, तर तिरकं. फाटकाजवळून थेट घरापर्यंत एक सरळ रेघ. रेघेच्या या बाजूला पाचोळा, त्या बाजूला एक पान नाही. घरमालकांना विचारलं, तर म्हणाले वारा असेल.”

“वारा,” भाऊजी कुत्सितपणे हसले. “मालक काय करतात?”

“घड्याळं दुरुस्त करतात.”

“मोजणी करून घेतलीत का जागेची?” मेहुण्याने विचारलं. त्याला राहवलं नाही. त्याच्या धंद्यात ‘जुन्याच मापाने शिवा’ म्हणणारं गिऱ्हाईक पुढच्याच आठवड्यात बटण हातात घेऊन परत येतं.

“वकील म्हणाले, कागद स्वच्छ आहेत. घड्याळवाले म्हणाले, कुंपण दिसतंय की डोळ्यांनी, मोजायचं काय त्यात. मलाही वाटलं, आता आणखी उशीर नको. नाना रोज विचारतात, कधी जायचं.”

“बरोबर केलंत,” भाऊजी म्हणाले. “मोजणी ही ज्यांना नजर नाही त्यांच्यासाठी असते. शालक, उद्या पहाटे पाचला निघायचं.”

गुरुवारी ते साडेआठला पोचले. भाऊजींना पहाटे जाग आली होती, पण ती खरी जाग की कुणी मुद्दाम आणलेली, याचा विचार करता करता पुन्हा डोळा लागला.

नर्सबाईंनी सांगितलं त्यात तसूभर फरक नव्हता. फाटकाच्या आत, कुंपणापासून सातआठ पावलांवर, हातभर उंचीचा एक दगड जमिनीत पुरलेला होता. तिथून रेघ निघाली होती ती तिरकी जाऊन नानांच्या खोलीच्या भिंतीला, खिडकीच्या उजव्या हाताला येऊन टेकली होती. रेघेपासून कुंपणापर्यंतचं त्रिकोणी अंगण आरशासारखं स्वच्छ. इकडे बदामाची तांबडी पानं घोट्याएवढी. कुंपणापलीकडे शेजारणीचं अंगणही तसंच झाडलेलं होतं, फक्त तिच्या मागच्या शेडच्या कडेला पाचोळ्याचा ढीग साचला होता. मेहुण्याने तोही वहीत टिपला. भाऊजी म्हणाले, “फापटपसारा नको,” आणि विचार करायला त्या दगडावर बसले.

घड्याळवाल्यांच्या घरात एकोणीस घड्याळं होती आणि वेळाही साधारण तितक्याच. स्वतः घड्याळवाले नऊ वाजता जांभई देत बाहेर आले. किती नऊ, हे कोणतं घड्याळ पाहता त्यावर होतं.

“सव्वीस वर्षं बघतोय मी हे,” ते म्हणाले. “उठतो तेव्हा असंच असतं. वाऱ्याला वळण असतं एकेका ठिकाणी.”

“तुम्ही पहाटे कधी उठून पाहिलंत?”

“पहाटे? कशाला?” घड्याळवाल्यांना प्रश्नच कळला नाही.

ते आत गेले तसा भाऊजींचा आवाज खाली आला. “ऐक. हा बाण आहे. वरून विमानातल्या माणसाला दिसावा म्हणून काढलेला. तस्करी.”

“बाणाला टोक असतं, भाऊजी. ही नुसती रेघ आहे.”

“टोक मुद्दाम काढलेलं नाही. सावध टोळी आहे.”

तासाभराने टोळी रद्द झाली आणि जड पेटी आली. कुणीतरी रोज एक पेटी ओढत नेतो, तिच्याखाली पानं सरकतात. मेहुण्याने विचारलं, अठरा फूट रुंद पेटी या फाटकातून आत कशी आली? भाऊजी म्हणाले, तुझं मन फार कोतं आहे. दुपारी चहा घेताना मात्र ते एकदम उठून उभे राहिले. चहा मेहुण्याच्या वहीवर सांडला आणि टोळी अक्षरशः धुऊन निघाली.

“मूर्ख आहोत आपण. म्हणजे तू. हा माणूस कोण? घड्याळजी. मग हे अंगण काय? तबकडी. हा दगड मध्य आणि ही रेघ म्हणजे काटा. बघ, कुठं रोखलाय? चार वाजून दहा मिनिटं. आज चार दहाला इथे काहीतरी घडणार.”

“एकाच काट्यावरून तास आणि मिनिटं दोन्ही कशी काढलीत?”

“अनुभवाने.”

ते वाट पाहत बसले. मेहुण्याने तेवढ्यात गळ्यातला टेप काढला आणि उगाच हाताला चाळा म्हणून कुंपण ते दगड, कुंपण ते भिंत, असं मोजत राहिला. आकडे जुळत नव्हते. पुढे एक, मागे दुसरं, चुकलेल्या सदऱ्यासारखं, बाही एका मापाची आणि काख दुसऱ्याच. पण कापडाचा टेप जमिनीवर लावून शहाणपण सांगायला त्याला संकोच वाटला. तो गप्प बसला, आणि याची रुखरुख त्याला पुढे बरेच दिवस लागून राहिली.

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी फाटक वाजलं. नर्सबाईंनी रजा टाकली होती. दवाखान्यातल्या दोघा कर्मचाऱ्यांनी खुर्ची उचलून धरली होती आणि खुर्चीत नाना होते. सहीच्या आधी एकदा वडिलांना घर दाखवावं, म्हणून तिन्ही मजले उतरवून आणलं होतं. खुर्ची कुंपणालगत सावलीत ठेवली. नानांनी आधी वर आभाळाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि नुसते हसले. मेहुण्याने टेप गुंडाळून पुन्हा गळ्यात अडकवला.

“चार दहा,” भाऊजी त्याच्या कानात म्हणाले. “मी काय सांगितलं होतं? शालक, हे म्हातारेही यात आहेत.”

“कशात?”

“तेच आता उकरून काढायचं आहे.”

त्यासाठी त्यांनी घड्याळवाल्यांची खुरपी मागून घेतली. ज्या दगडावर ते सकाळपासून बसले होते त्याच्या माथ्यावर छिन्नीने कोरलेली एक फुली होती. ती आता त्यांच्या नजरेस पडली, कारण आता ते उठले होते. फुली म्हणजे ठेवा. ठेवा म्हणजे खणणं. पाचच मिनिटांत दगडाच्या एका अंगाची माती निघाली आणि दगड जरासा कलला.

कुंपणापलीकडून आवाज आला. “अहो, तो दगड नका हलवू.”

साठीच्या शेजारीणबाई, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. भाऊजी विजयी चेहऱ्याने उठले. “पाहिलंस? घाबरली. आता हिच्यावर पाळत ठेवायची. आठ दिवस, वेषांतर करून.”

पण खुर्ची कुंपणालाच लागून होती आणि नानांना आठ दिवसांची कल्पना नव्हती. त्यांनी मान वळवून विचारलं, “बाई, हे अर्धं अंगण कोण झाडतं हो?”

“मी झाडते,” शेजारीणबाई म्हणाल्या.

“आणि अर्धंच का?”

“तेवढंच आमचं आहे म्हणून. दुसऱ्याचं मी कशाला झाडू?”

आतल्या एकोणीस घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. भाऊजींच्या हातातली खुरपी खाली आली.

शेजारीणबाईंनी बादली ठेवली आणि कुंपणाच्या फटीतून अलीकडे आल्या, रोज पहाटे साडेपाचला येतात तशाच. “या घराच्या पहिल्या मालकांनी कुंपण घातलं ते रस्त्याला काटकोनात, दोरी लावून. दिसायला छान. पण हद्द तिरकी आहे, या दगडापासून ती आमच्या शेडमागच्या दगडापर्यंत. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे, भांडायचं नाही. पण आपला तुकडा रोज झाडत जा, म्हणजे आपला आहे हे विसरायला होणार नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून झाडतेय. शेडमागचं मी झाडत नाही, ते यांचं आहे.” त्यांनी घड्याळवाल्यांकडे हात केला.

“माझं?” घड्याळवाले म्हणाले. “सव्वीस वर्षांत बोलला नाहीत कधी.”

“तुम्ही विचारलं नाहीत कधी. मला वाटलं, घर घेताना माणूस मोजून घेतोच की.”

नर्सबाई मात्र रेघेकडे पाहत होत्या. ती भिंतीपाशी थांबली होती, पण हद्द काही भिंतीपाशी थांबत नाही. त्यांनी नजरेनेच ती पुढे नेली, भिंतीतून, खोलीतून, तिकडच्या कोपऱ्यातून बाहेर. खिडकी रेघेच्या पलीकडे राहत होती. नानांची खाट जिथे मांडायची म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, ती जागाही पलीकडे. उद्या अकरा वाजता त्या सही करणार होत्या. त्या पायरीवर बसल्या.

“म्हणजे नानांची खोली आपली नाहीच?” त्या म्हणाल्या.

शेजारीणबाई त्यांच्याजवळ बसल्या. “माझं काही म्हणणं नाही ग. मी काय खोली पाडायला येणार आहे? पण मला दोन मुलगे आहेत. पुढे त्यांचं काय म्हणणं पडेल ते मला आज कसं सांगता येईल?”

हे बोलणं सगळ्यांत खरं होतं, म्हणून सगळ्यांत जास्त भीतीचं होतं.

“तुम्हाला कसं सुचलं हो शेजारीणबाईंना विचारायचं?” मेहुण्याने हळूच नानांना विचारलं.

“सुचायचं काय त्यात?” नाना म्हणाले. “एकोणचाळीस वर्षं टपाल वाटलं. पत्ता सापडला नाही की शेजारी विचारायचं. दुसरं काय करतात?”

भाऊजींनी हे ऐकलं नाही. ते मातीचे हात झटकत होते.

शुक्रवारची सही राहिली. मोजणीदार मंगळवारी आले, तिपाईवरचं यंत्र, गुंडाळलेला नकाशा आणि दोन माणसं घेऊन. आल्या आल्या त्यांनी कललेला दगड पाहिला.

“हा कुणी उकरला? हद्दीचा दगड आहे हा. याला हात लावणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?”

एकतीस वर्षांच्या कारकिर्दीत भाऊजींना गुन्हेगार सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग. ते बदामाच्या झाडामागे जाऊन खोडाचं बारकाईने निरीक्षण करू लागले.

मोजणीदारांनी पुढचा दगड पाहिला, शेडमागच्या पाचोळ्यात हात घालून मागचाही काढला, दोन तास इकडून तिकडे पाहिलं आणि मग शेजारीणबाईंच्या खराट्याच्या रेघेवर खुंट्या ठोकल्या. चार बोटांचाही फरक नव्हता. त्यांनी टोपी काढून बाईंना विचारलं, “आमच्या खात्यात येता का?”

नकाशावर चित्र स्पष्ट निघालं. पुढे खोलीचा दोनतृतीयांश भाग शेजारीणबाईंच्या जमिनीवर, आणि मागे त्यांची शेड घड्याळवाल्यांच्या जमिनीवर. दोन्ही त्रिकोण जवळजवळ सारखे. मोजणीदार म्हणाले, अदलाबदल करा, लेखी करा, नोंदवा, मग विका. शेजारीणबाईंच्या मुलग्यांनीही येऊन सह्या केल्या. हद्द कुंपणाखाली आली आणि दगड हलले, या वेळी रीतसर. या सगळ्याला सात आठवडे लागले. नाना आणखी सात आठवडे छताचे पोपडे मोजत राहिले, पण आता संध्याकाळी आकडा सांगताना म्हणायचे, “थोडे घाईत मोजलेत, जायचंय ना.”

खरेदीखत झालं. घर लागलं. आठवडाभराने मेहुणा खिडकीच्या पडद्यांचं माप घ्यायला गेला आणि सवयीने दोनदा घेतलं. नाना खाटेवर, खाट खिडकीशी. बाहेर शेजारीणबाई अंगणात उभ्या होत्या, खराटा हातात आणि चेहऱ्यावर थोडा गोंधळ. वर्षानुवर्षांची सवय, हात त्रिकोणाकडे वळत होता.

“झाडा हो,” नाना आतून म्हणाले. “हरकत नाही माझी.”

“नको. आता ते तुमचं आहे,” त्या म्हणाल्या आणि तरीही दोन हात फिरवून गेल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावर पोस्टमन दिसला. नाना कोपरावर रेलून उठले. तो प्रत्येक फाटकाशी थांबत थांबत आला, शेजारणीच्या दारात काहीतरी विचारून वळला आणि खिडकीतून जाडजूड पाकीट आत देत म्हणाला, “घर नंबर चुकीचा घातलाय, काका. शेजारी विचारलं म्हणून मिळालं.”

“अस्सं,” नाना म्हणाले. त्यांना एवढं खूश झालेलं मेहुण्याने पाहिलं नव्हतं.

पाकिटावर ‘अत्यंत गोपनीय’ असं लाल शाईत लिहिलं होतं. नानांनी फोडून मोठ्याने वाचलं. सहा पानी अहवाल होता, ‘तिरक्या रेघेचे रहस्य : एक विजय’. त्यात बाण होता, पेटी होती, तबकडी होती, ‘माझ्या उत्खननामुळे शेजारीण बोलती झाली’ असं एक वाक्य होतं आणि नानांचा उल्लेख ‘घटनास्थळी उपस्थित एक इसम’ असा होता. सहाव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ताजा कलम होता.

“‘त्या मोजणीदारांचा पत्ता कृपया उलट टपाली कळवावा,’” नाना वाचत होते. “‘मेहुण्याला कळू देऊ नये. लॉन्ड्रीवाल्याचा खांदा ठणठणीत आहे. पाटी अर्धीच का पुसतो, हे काल त्याला सहज विचारलं.’”